सोपाऱ्याच्या करंडकांतले रसायनशास्त्र
मीठ, स्फटिक आणि तांबे : अणूंना धरून ठेवणारे तीन बंध

नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेला सोपारा गावाकडे गेले की स्तूपाचे ठिकाण लागते. जुन्या लोकांच्या तोंडी त्या टेकाडाचे नाव 'बुरुड राजाचा कोट' असे होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले आणि प्राचीन शूर्पारकचा बौद्ध इतिहास जगासमोर आला. स्तूपाच्या पोटात विटांची कोठी होती आणि त्या कोठीत एक मोठी दगडी पेटी. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेने जपलेले होते. तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती मांडल्या होत्या. सोन्याची फुले होती, रत्नांचे मणी होते, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. हा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना हा इतिहास ठाऊक आहे. आज आम्ही या करंडकांकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहणार आहोत. तांबे, चांदी, दगड, स्फटिक, सोने आणि माती, इतके निरनिराळे पदार्थ एकात एक ठेवलेले दुसरीकडे क्वचितच सापडतील. तांबे ठोकून त्याचा पत्रा होतो, स्फटिकाचा होत नाही. स्फटिकातून आरपार दिसते, सोन्यातून दिसत नाही. या फरकांचे कारण एकच आहे : आतल्या अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारा बंध प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

हा विषय घरातल्या पानावर घेण्याचे कारणही सांगतो. शाळेत आयनिक आणि सहसंयुज बंधांची तोंडओळख होते. अकरावी सायन्सला रासायनिक बंधांचे पूर्ण प्रकरण समोर येते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना ते इंग्रजी शब्दांसह गिळावे लागते. मग मुले तक्ता पाठ करतात : आयनिक पदार्थ कठीण, सहसंयुज पदार्थ मऊ, धातू चकचकीत. परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला की तक्ता कोसळतो. मुलाला वाटते, सायन्स आपल्यासाठी नाही. घरात पहिल्यांदाच कोणी सायन्सला गेलेले असते, तेव्हा समजावून सांगणारेही कोणी नसते, आणि वर्ष संपायच्या आत पोरगे दुसऱ्या शाखेकडे वळते. आमच्या मते हा डोक्याचा दोष नव्हे, शिकण्याच्या रीतीचा आहे. तक्ता कुठे तुटतो हे दाखवले, तर विषय पक्का बसतो. आणि तो तक्ता तोडणारा पुरावा आपल्या सोपाऱ्याच्या स्तूपातच सापडलेला आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. प्रत्येक अणूच्या मध्यभागी धन प्रभाराचे केंद्रक असते आणि त्याभोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात. अणू एकमेकांशी बांधले जातात ते सर्वांत बाहेरच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे. त्या इलेक्ट्रॉनांचे काय होते, यावरून बंधाचा प्रकार ठरतो. ते एका अणूकडून दुसऱ्याकडे गेले तर आयनिक बंध, दोघांत भागीदारीने राहिले तर सहसंयुज बंध, आणि सगळ्यांचे सामाईक झाले तर धातुबंध.

मिठागरातला आयनिक बंध

वसईच्या माणसाला मीठ शिकवायला नको. खाडीकाठच्या खाजणात भरतीचे पाणी घ्यायचे, वाफ्यांतून फिरवत उन्हात आटवायचे आणि उन्हाळ्यात खडे गोळा करायचे, हे काम इथल्या पिढ्यांनी केले आहे. आता बरीच मिठागरे बंद पडली आहेत, तरी भर उन्हात ते मीठ ओढणाऱ्या हातांची आठवण अनेक घरांत आहे.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला सर्वांत मोठा वाटा सोडियम क्लोराइडचा, म्हणजे आपल्या मिठाचा. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, १. क्लोरिनच्या अणूत १७, मांडणी २, ८, ७. सोडियमचा बाहेरचा एक इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे गेला की दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन होतात. एक इलेक्ट्रॉन गेल्यामुळे सोडियम धन प्रभाराचा होतो, मिळाल्यामुळे क्लोरिन ऋण प्रभाराचा. असे प्रभार असलेले अणू म्हणजे आयन. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात आणि ती ओढ म्हणजेच आयनिक बंध.

इथे मुलांची पहिली चूक होते. त्यांना वाटते, एक सोडियम आणि एक क्लोरिन यांची जोडी म्हणजे मिठाचा एक रेणू. मिठाच्या खड्यात अशा सुट्या जोड्या नसतात. प्रत्येक सोडियम आयनाच्या भोवती सहा क्लोराइड आयन, आणि प्रत्येक क्लोराइडच्या भोवती सहा सोडियम आयन, अशी चौकोनी रचना खडाभर पसरलेली असते. १९१३ च्या सुमारास विल्यम ब्रॅग आणि त्यांचे चिरंजीव लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. दोघांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खडे मीठ भिंगातून पाहिले तर चौकोनी पैलू दिसतात. आतली रचनाच बाहेर उमटलेली असते.

दुसरी चूक म्हणजे 'सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायला आवडतो' असे समजणे. सोडियमपासून इलेक्ट्रॉन सोडवायला ऊर्जा खर्चावी लागते. तो खर्च भरून निघतो तो लक्षावधी विरुद्ध प्रभार एकमेकांजवळ येऊन रचना घट्ट होते तेव्हा. हिशेब पूर्ण खड्याचा असतो, एका जोडीचा नव्हे.

एवढे कळले की मिठाचे सगळे वागणे उलगडते. सगळ्या दिशांनी ओढ असल्याने मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून चुलीवरच्या तव्यात ते वितळत नाही. पण खड्यावर घाव घातला की तो तडकतो. घावाने एक थर सरकतो, मग धन प्रभारासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो, आणि जे एकमेकांना ओढत होते तेच एकमेकांना लोटू लागतात. कोरड्या मिठातून वीज जात नाही, कारण आयन जागच्या जागी अडकलेले असतात. पाण्यात विरघळले की ते सुटे होऊन फिरू लागतात आणि पाणी वीज वाहू लागते. ओल्या हाताने बटनाला हात लावू नये असे आपण घरात सांगतो ना, त्यामागचे एक कारण हेच. नळाच्या पाण्यात आणि घामातही क्षारांचे आयन असतात.

आणि पावसाळ्यात वसईच्या घरोघरी मिठाला पाणी का सुटते? त्यात मुख्य दोष शुद्ध मिठाचा नसतो. समुद्राच्या पाण्यातून मिठाबरोबर थोडे मॅग्नेशियम क्लोराइड येते. ते हवेतली ओल फार लवकर ओढून घेते, आणि बरणीत चिखल होतो. मिठागरात मीठ धरल्यावर उरलेले कडवट पाणी सोडून देतात, ते याच क्षारांमुळे कडू असते.

स्फटिकाच्या करंडकातला सहसंयुज बंध

आता देण्याघेण्याऐवजी भागीदारीकडे वळू. ज्या अणूंना इलेक्ट्रॉन सहज सोडता येत नाहीत, ते आपापले इलेक्ट्रॉन जोडीने वापरतात. दोन अणूंच्या मध्ये असलेली इलेक्ट्रॉनांची जोडी दोघांच्याही हिशेबात धरली जाते. १९१६ साली अमेरिकेतील गिल्बर्ट लुईस यांनी ही कल्पना मांडली. त्याच वर्षी जर्मनीत वॉल्थर कोसेल यांनी आयनिक बंधाचे स्पष्टीकरण दिले.

साखर हे भागीदारीचे घरगुती उदाहरण. वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी गोड लागते ती साखरांमुळेच. आपल्या डब्यातल्या साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ असे ४५ अणू असतात. ते सगळे सहसंयुज बंधांनी पक्के बांधलेले असतात. साखर पाण्यात टाकली की रेणू एकमेकांपासून सुटे होतात, पण रेणू स्वतः अखंड राहतो. म्हणून साखरेच्या पाण्यात आयन नसतात आणि वीजही वाहत नाही. कढईत साखर दोनशे अंशांच्या आतच वितळून तपकिरी होऊ लागते.

इथे तक्ता म्हणतो : सहसंयुज पदार्थ मऊ, लवकर वितळणारे. मग सोपाऱ्याचा स्फटिकाचा करंडक पाहा. स्फटिक म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग, आणि त्यांच्यातला बंध मुख्यतः सहसंयुजच आहे. पण स्फटिक लोखंडी चाकूने ओरखडत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि वितळायला सुमारे १७०० अंश तापमान लागते, म्हणजे मिठाच्या दुपटीहून जास्त. बंधाचा प्रकार एकच, मग साखर आणि स्फटिक यांत एवढा फरक का?

या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले, त्याला हे प्रकरण कळले. साखरेत सहसंयुज बंध रेणूच्या आत असतात. एका रेणूला दुसऱ्या रेणूशी धरणारी ओढ वेगळी आणि पुष्कळ दुबळी असते. साखर विरघळते, फुटते, तेव्हा तुटते ती ही दुबळी ओढ. स्फटिकात मात्र सुटे रेणूच नसतात. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांना धरतो, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांना, आणि ही जाळी करंडकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जाते. स्फटिक फोडायचा तर सहसंयुज बंधच तोडावे लागतात. म्हणजे 'सहसंयुज बंध दुबळा' हे वाक्य चूक आहे. विचारायचा प्रश्न असा : हा पदार्थ फोडताना नेमके काय तुटते?

त्या काळच्या कारागिरांनी असा कठीण स्फटिक कोरून, पोखरून आणि घासून त्याचा पोकळ करंडक घडवला. या जाळीची ताकद कळली की त्यांच्या हातांबद्दलचा आदर वाढतो.

तांबे, चांदी, सोने : सामाईक इलेक्ट्रॉन

धातूचे अणू बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल धरतात. तांब्याचे अणू शेजारी शेजारी आले की हे इलेक्ट्रॉन कोणा एकाचे राहत नाहीत. ते सगळ्या तुकड्याभर फिरतात. मागे राहिलेले धन प्रभाराचे आयन रांगेत रचलेले असतात आणि फिरते इलेक्ट्रॉन त्या सर्वांना एकत्र धरून ठेवतात. गावाची सामाईक विहीर जशी सगळ्यांची, तसे हे इलेक्ट्रॉन. १९०० साली पॉल ड्रूड यांनी धातूत असे मोकळे इलेक्ट्रॉन असतात असे मानून धातू वीज कशी वाहतात हे समजावून सांगितले. पुढे त्या कल्पनेत मोठ्या सुधारणा झाल्या, पण मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा मुद्दा टिकून राहिला.

तांब्याच्या पत्र्यावर हातोडा मारा. इथेही थर सरकतात. पण इलेक्ट्रॉन मोकळे असल्याने सरकलेल्या थरालाही ते धरून राहतात. मीठ जिथे तडकते तिथे तांबे नुसते पसरते. या गुणाला वर्धनीयता म्हणतात, आणि तार ओढता येण्याच्या गुणाला तन्यता. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांत प्रेस मशीनवर पत्रा वाकवणारे हात रोज याच गुणावर काम करतात. करंडक घडवणाऱ्या ताम्रकाराचे कामही याच गुणावर चालले होते. आणि विरार लोकलच्या डोक्यावरून २५ हजार व्होल्टची वीज नेणारी तांब्याची तार याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या भरवशावर आहे.

मग तांबे हिरवे का पडते, चांदी काळी का पडते, आणि सोने जसेच्या तसे का राहते? दमट, खाऱ्या हवेत तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात, त्यांचे आयन होतात आणि हिरवट संयुगे तयार होतात. चांदीवर गंधकाच्या संयुगाचा काळा थर येतो. खिडकीचे लोखंडी गज समुद्राच्या वाऱ्याने गंजतात, तिथेही हेच घडते : धातुबंध सुटतो आणि त्या जागी दुसऱ्या प्रकारचा बंध येतो. सोने आपले इलेक्ट्रॉन हवेला किंवा पाण्याला सहजासहजी देत नाही, म्हणून शतकानुशतके जमिनीत राहूनही ते पिवळेच निघते.

धातूंच्या बाबतीतही तक्ता डोळे मिटून वापरू नये. 'धातू कठीण आणि उशिरा वितळणारे' असे लिहिलेले असते. तांबे १०८५ अंशांना वितळते हे खरे. पण पारा घरातल्या तापमानाला द्रवच असतो, आणि सोडियम धातू चाकूने कापता येतो, तो ९८ अंशांनाच वितळतो. टंगस्टनला मात्र ३४०० अंशांहून जास्त लागतात. किती इलेक्ट्रॉन सामाईक आहेत आणि अणू किती जवळ आहेत, यावर ते ठरते.

मातीचे तुकडे काय सांगतात

करंडकांच्या अगदी आत सोने नव्हते, सोन्याच्याही आत मातीच्या भांड्याचे तुकडे होते. कच्च्या मातीची वाटी पाण्यात ठेवली तर तिचा चिखल होतो, भाजलेली वाटी मात्र पाणी धरून ठेवते. मातीच्या थरांत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे बंध असतात, आणि थरांच्या मध्ये पाणी शिरू शकते. भट्टीत पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे मातीच्या रचनेत बांधलेले पाणीही निघून जाते आणि आणखी तापल्यावर कणांना सांधणारे नवे बंध तयार होतात. म्हणून खापर हजारो वर्षे टिकते.

या मातीतला बंध धड पूर्ण आयनिक नसतो, धड पूर्ण सहसंयुजही नसतो. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या भागीदारीत ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांची जोडी स्वतःकडे जास्त ओढतो. पाण्याच्या रेणूतही तो हेच करतो. त्यामुळे पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते, आणि तोच रेणू मिठाचे आयन ओढून सुटे करतो. लायनस पॉलिंग यांनी इलेक्ट्रॉन ओढण्याच्या या ताकदीला आकडे दिले. त्यांना १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते रासायनिक बंधांवरील संशोधनासाठीच. तात्पर्य, तीन बंध म्हणजे कुलूप लावलेल्या तीन खोल्या नव्हेत. एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात जाता येते.

घरी करून पाहा

टॉर्चचे दीड व्होल्टचे चार सेल, लाल रंगाचा एक छोटा एलईडी, २२० ओहमचा एक रेझिस्टर आणि थोडी वायर एवढेच सामान घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते थोड्या पैशांत मिळते. सगळे एका रांगेत जोडा आणि वायरची दोन टोके मोकळी ठेवा. एलईडीला उलटी-सुलटी बाजू असते, म्हणून आधी दोन टोके एकमेकांना लावून तो पेटतो ना ते पाहून घ्या. घरातल्या विजेच्या प्लगला हा प्रयोग चुकूनही जोडू नका. सेलवरच करायचा, आणि वडील मंडळींनी जवळ बसायचे.

आता ती टोके कोरड्या मिठाला लावा, मग मिठाच्या पाण्यात बुडवा, मग साखरेच्या पाण्यात, मग तांब्याच्या भांड्याला. प्रत्येक वेळी टोके लावण्यापूर्वी मुलांना आधी अंदाज सांगायला लावा आणि वहीत लिहायला लावा. साखरेच्या पाण्यासाठी शक्यतो उकळून गार केलेले पावसाचे पाणी वापरा, कारण नळाच्या पाण्यातले क्षार गोंधळ करू शकतात. मिठाच्या पाण्यातून बुडबुडे येतील, तेव्हा काही सेकंदांतच टोके बाहेर काढा आणि खिडकी उघडी ठेवा.

शेवटी दोन्ही बाजूंनी टोक काढलेली पेन्सिल घ्या आणि तिच्या शिशाच्या दोन टोकांना वायर लावा. पेन्सिलचे 'शिसे' म्हणजे प्रत्यक्षात मातीत मिसळलेले ग्रॅफाइट, म्हणजेच कार्बन. कार्बन धातू नव्हे, त्याचे बंध सहसंयुज. तक्त्याप्रमाणे दिवा लागू नये. पण लागतो, थोडा मंद का होईना. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना धरतो आणि चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो. त्याच कार्बनने चारही इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांबरोबर गुंतवले की हिरा होतो, आणि हिऱ्यातून वीज जात नाही. मूलद्रव्य एकच, बांधणी वेगळी, आणि गुण पार उलटे.

पालकांना एक विनंती. मूल रसायनशास्त्राचे उत्तर घडाघडा म्हणू लागले की लगेच शाबासकी देऊ नका. त्याला फक्त तीन प्रश्न विचारा. यातले बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणाकडे आहेत? हा पदार्थ फोडला तर नेमके काय तुटेल? आणि यात वीज वाहून नेणारे मोकळे असे काय आहे? हे प्रश्न विचारायला तुम्ही स्वतः सायन्स शिकलेले असण्याची गरज नाही. मीठ, साखर, तांब्या आणि खापर घेऊन मुलाने तुम्हाला समजेल अशा मराठीत उत्तर दिले, तर अकरावीच्या पुस्तकातले इंग्रजी शब्द त्याला अडवणार नाहीत. आणि पुढच्या सुटीत सोपाऱ्याच्या स्तूपाकडे जाल, तेव्हा करंडकांची नावे क्रमाने सांगून प्रत्येकाचा बंध त्याच्याकडूनच वदवून घ्या.